पोखरणनंतर नागासाकीहून निघालेली मुलं

११ मे १९९८ ला बुद्धपौर्णिमा होती. त्या दुपारी पोखरणच्या वाळूखाली तीन अणुस्फोट झाले, १३ तारखेला आणखी दोन. आपल्याकडे चौकाचौकांत फटाके वाजले, पेढे वाटले गेले. काळजीच्या सुरात लिहिणारेही होते, पण त्यांचा आवाज त्या गलक्यात कुणाला ऐकू गेला नाही. पंधरवड्याने, २८ आणि ३० मे रोजी, पाकिस्तानने बलुचिस्तानात उत्तर दिलं. मिठाई तिथेही वाटली गेली.

इथपर्यंतचा इतिहास आपल्याला पाठ आहे. या घटनेचं एक टोक जपानच्या पश्चिमेकडच्या एका बंदरात, नागासाकीत पोहोचलं, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाच्या गावी नाही. तिथल्या नागरिक संघटना तेव्हा जराशा निर्धास्त झाल्या होत्या. शीतयुद्ध संपलं होतं, १९९६ मध्ये अणुचाचण्यांवर सर्वंकष बंदी घालणारा करार मंजूर झाला होता. आता हा विषय हळूहळू उताराला लागेल, असं वाटत असतानाच बुद्ध आणि गांधींच्या देशातून ही बातमी आली. निषेधाची पत्रं लिहिण्याची त्या शहराला सवय होतीच. जगात कुठेही चाचणी झाली की तिथून पत्र जातं. या वेळी त्यांनी वेगळं काही केलं. हायस्कूलमध्ये शिकणारी दोन मुलं निवडली, त्यांच्या हाती शहराचं निवेदन दिलं आणि त्यांना न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात पाठवलं.

त्यातून ‘हायस्कूल शांतिदूत’ हा उपक्रम उभा राहिला आणि तो आजही चालू आहे. दरवर्षी नवी मुलं निवडली जातात, आता नागासाकीबाहेरचीही असतात. २००१ पासून या मुलांनी सह्यांची मोहीम सुरू केली. ‘दहा हजार सह्या’ हे तिचं नाव. आजवर जमलेल्या सह्या वीस लाखांच्या पुढे गेल्या आहेत. शाळा सुटल्यावर किंवा सुटीच्या दिवशी गणवेशात रस्त्यावर उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्यापुढे फळी आणि पेन धरायचं. उन्हाळ्यात ते गठ्ठे घेऊन जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांच्या युरोपातल्या कार्यालयात जायचं. त्यांचं घोषवाक्य साधं आहे: ताकद थोडी आहे, पण शून्य नाही.

जिनिव्हातल्या त्याच इमारतीत निःशस्त्रीकरण परिषद भरते. चाचणीबंदीच्या वाटाघाटी १९९६ मध्ये संपल्या. त्यानंतर या परिषदेतून एकही करार बाहेर आलेला नाही. वर्षभर काय काम करायचं यावरच एकमत होत नाही, अशी तिची वर्षामागून वर्षं गेली आहेत. भारत तिचा सदस्य आहे, पाकिस्तानही आहे. तेव्हा सोळा-सतरा वर्षांची मुलं जगातल्या सर्वांत थंड पडलेल्या दालनाच्या दारात कागदांचे गठ्ठे नेऊन ठेवतात, असं कुणी म्हटलं तर ते चूक नाही. हा सोहळा हुकमी आहे, त्याची छायाचित्रं छान येतात, आणि त्यामुळे कुणाचंही एक क्षेपणास्त्र कमी झालेलं नाही. हे खरं असूनही ही मुलं आणि त्यांच्या आधी गेलेले हिबाकुशा, म्हणजे अणुबाँबमधून वाचलेली माणसं, परदेशांत जाऊन नेमकं काय करत आले आहेत, हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. मला वाटतं, त्यांनी जे मिळवलं ते भाषणांनी मिळवलेलं नाही. समोरून येणाऱ्या अवघड प्रश्नांना तोंड देत राहण्यानं मिळवलं आहे.

*

हिबाकुशा परदेशी गेले याचं पहिलं कारण हे की मायदेशात त्यांना बोलू दिलं जात नव्हतं. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर बाँब पडला. वर्ष संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७४ हजार माणसं मेली होती. सप्टेंबरमध्येच अमेरिकी लष्करी प्रशासनाने वृत्तपत्रांवर निर्बंध लादले आणि बाँबच्या परिणामांबद्दल मोकळेपणानं छापणं अशक्य झालं. शेजारीपाजारीही ऐकून घ्यायला तयार नव्हते. भाजलेल्या चेहऱ्याच्या माणसाला नोकरी मिळेना. मुलगी हिरोशिमाची आहे म्हटल्यावर ठरत आलेली सोयरीक मोडायची. होणारी मुलं कशी निपजतील, ही धास्ती. कित्येकांनी आपण त्या दिवशी त्या शहरात होतो हे नवऱ्यापासून, बायकोपासूनही लपवलं.

१ मार्च १९५४ ला बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बाँबची चाचणी केली आणि तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. सप्टेंबरात त्या बोटीवरचा रेडिओ ऑपरेटर दगावला. माशांच्या बाजारात घबराट पसरली, टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी सुरू केलेल्या सह्यांच्या मोहिमेला देशभरातून तीन कोटींवर सह्या मिळाल्या. (शांतिदूत मुलांच्या सह्यांचं मूळ घराणं हे.) त्या लाटेवर १० ऑगस्ट १९५६ ला नागासाकीत ‘निहोन हिदानक्यो’ ही हिबाकुशांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. स्वतःला सावरायचं आणि आपल्या अनुभवाच्या आधाराने माणसाच्या जातीलाही वाचवायचं, अशा अर्थाचा संकल्प त्यांनी पहिल्याच दिवशी केला. औषधपाण्याला पैसे नसलेल्या माणसांनी घेतलेला हा संकल्प आहे, हे लक्षात घेतलं की तो मोठा वाटतो.

त्याआधीच काही जण समुद्र ओलांडून गेले होते. मे १९५५ मध्ये चेहऱ्यावर, हातांवर भाजल्याचे व्रण असलेल्या हिरोशिमाच्या पंचवीस तरुणी शस्त्रक्रियांसाठी न्यूयॉर्कला गेल्या. त्यांना घेऊन गेलेले धर्मोपदेशक कियोशी तानिमोतो यांना अमेरिकेत एका टीव्ही कार्यक्रमात बोलावलं गेलं आणि त्यांना कल्पना न देता समोर आणून उभं केलं कुणाला, तर हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या विमानाच्या सहवैमानिकाला, रॉबर्ट लुईसला. तानिमोतोंची दहा वर्षांची मुलगी कोको त्या मंचावर होती. बाँब पडला तेव्हा ती आठ महिन्यांची, आईच्या कडेवर होती. मोठी झाल्यावर त्या विमानातल्या माणसांना शोधून बदडायचं, असं तिनं मनाशी ठरवलेलं. लुईस बोलायला लागला आणि तिला त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं. ती हळूच त्याच्याजवळ सरकली आणि तिनं त्याचा हात धरला. कोको कोंदो यांनी पुढे आयुष्यभर हा प्रसंग सांगितला, तोही अमेरिकी कॉलेज विद्यार्थ्यांच्या तुकड्यांना हिरोशिमा-नागासाकी दाखवता दाखवता. तो कार्यक्रम मला भयंकर वाटतो. जखमी माणसांची इतकी निर्लज्ज करमणूक क्वचित झाली असेल. पण त्याच कार्यक्रमातून त्या दहा वर्षांच्या मुलीला आयुष्यभराचं काम मिळालं, हेही नाकारता येत नाही.

हिरोशिमात राहणाऱ्या बार्बरा रेनॉल्ड्स या अमेरिकी बाई १९५८ मध्ये नवऱ्याबरोबर आपली शिडाची बोट पॅसिफिकमधल्या चाचणीक्षेत्रात घुसवून बसल्या होत्या. १९६२ मध्ये त्या दोन तरुण हिबाकुशांना घेऊन जगभर फिरल्या, १९६४ मध्ये मोठा गट घेऊन निघाल्या. आज आपण ‘हिबाकुशा आणि तरुण’ असं जोडीनं म्हणतो, पण तेव्हा हे दोन गट नव्हतेच. जे वाचले होते तेच विशी-पंचविशीत होते, आणि तेच परक्या भाषेत, परक्यांच्या घरी मुक्काम करत, तेच तेच सांगत हिंडत होते.

*

सेत्सुको थरलो हे त्यांतलं सर्वांत परिचित नाव. हिरोशिमात त्या तेरा वर्षांच्या होत्या. शाळेतल्या मुलींना लष्कराच्या मुख्यालयात सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामाला लावलं होतं, ती इमारत स्फोटाच्या केंद्रापासून १.८ किलोमीटरवर. ढिगाऱ्याखाली दबलेल्या असताना मागून कुणीतरी पुरुषी आवाजात म्हणत राहिला की हलत राहा, उजेड दिसतोय तिकडे सरपटत जा. त्या निघाल्या, आत राहिलेल्या बहुतेक मैत्रिणी जळून गेल्या. चार वर्षांचा भाचा एइजी काही दिवस पाणी मागत राहिला आणि मेला.

१९५४ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्या अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजात शिकायला गेल्या. स्थानिक पत्रकारांनी बिकिनीच्या चाचणीबद्दल विचारलं, त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की हे थांबायला हवं. दुसऱ्या दिवसापासून धमक्यांची पत्रं सुरू झाली: आपल्या देशात चालती हो, पर्ल हार्बर विसरलीस काय. परक्या देशात पाऊल ठेवून फार दिवस झाले नव्हते, शिष्यवृत्तीवर शिक्षण चाललं होतं. गप्प बसावं की बोलावं, यावर काही दिवस डोकं धरून बसल्यावर त्यांनी बोलायचं ठरवलं. पुढे लग्न करून त्या कॅनडात टोरंटोला स्थायिक झाल्या, समाजसेविका म्हणून नोकरी केली आणि उरलेल्या वेळात शाळा, चर्च, नगरपालिका, जिथे बोलावतील तिथे गेल्या. आपल्या शाळेतल्या मेलेल्या ३५१ मुली आणि शिक्षकांची नावं लिहिलेला एक लांब कापडी पट्टा त्या बरोबर नेत. कार्यक्रमात तो उलगडून धरत.

या बाईंच्या आयुष्यात पन्नास-साठ वर्षं हाती काहीच न लागण्याची आहेत. अण्वस्त्रांची चर्चा तेव्हा चालायची ती संख्या, पल्ले, समतोल आणि धाक यांच्या परिभाषेत. ती परिभाषा २०१३ आणि २०१४ मध्ये, ओस्लो, मेक्सिकोतलं नायारित आणि व्हिएन्ना इथे झालेल्या तीन आंतरराष्ट्रीय परिषदांत बदलली. तिथे प्रश्न विचारला गेला तो माणसांच्या शरीरांबद्दल: एक बाँब एका शहरावर पडला तर किती दवाखाने उरतील, भाजलेल्यांना कोण उचलेल, भात-गव्हाची पिकं कुठवर बुडतील. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही लष्करी तज्ज्ञापेक्षा हिबाकुशांना जास्त माहीत होतं, आणि थरलो बोलायला उभ्या राहिल्या. या वाटेनंच ७ जुलै २०१७ ला १२२ देशांच्या मतांनी अण्वस्त्रबंदीचा करार मंजूर झाला. त्याच्या प्रस्तावनेत हिबाकुशांच्या यातनांचा उल्लेख नावानिशी आहे. त्याच वर्षी १० डिसेंबरला ‘आयकॅन’ या अण्वस्त्रविरोधी मोहिमेला शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा ओस्लोत ते स्वीकारायला थरलोही होत्या. वय ८५.

मात्र या कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या त्या २७ मार्च २०१७ ला, आणि न्यूयॉर्कच्या त्या सभागृहात जपानच्या राजदूताने आपण भाग घेणार नाही असं सांगितलं. मग जपानची खुर्ची रिकामी राहिली. हिदानक्योचे तोशिकी फुजिमोरी तिथे बोलले, त्यांचं सरकार वाटाघाटींबाहेर राहिलं. नंतर कुणीतरी त्या रिकाम्या जागेवर कागदाचा एक मोठा करकोचा ठेवला, ‘तुम्ही इथे असता तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचा मजकूर लिहून. जपान अमेरिकेच्या अण्वस्त्रछत्राखाली राहतो, म्हणून हा करार त्याला चालत नाही. आणि हेच सरकार २०१० पासून हिबाकुशांना आणि २०१३ पासून तरुणांना ‘अण्वस्त्रमुक्त जगाचे विशेष दूत’ अशी अधिकृत नेमणूकपत्रं देतं. २०१४ पासून जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत शांतिदूतांपैकी एका विद्यार्थ्याला जपानी शिष्टमंडळाच्या वतीने बोलायला मिळायचं. २०१७ मध्ये, बंदीकरार झाला त्याच उन्हाळ्यात, इतर देशांच्या हरकतींचं कारण पुढे करून ते भाषण बंद झालं. सरकारांना तरुण हवे असतात, पण मखरात बसवायला.

*

परदेशात हिबाकुशांना जे प्रश्न आले त्यांतला सगळ्यात सोपा प्रश्न अमेरिकनांचा होता. पर्ल हार्बरचं काय, या प्रश्नाला उत्तर आहे: जे तिथे मेले तेही माणसंच होती. कागदाच्या करकोच्यांमुळे जगभर ठाऊक झालेली सादाको सासाकी बाँब पडला तेव्हा दोन वर्षांची होती आणि १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगानं गेली. तिच्या हातच्या मोजक्या उरलेल्या करकोच्यांपैकी एक तिच्या भावानं आणि भाच्यानं पर्ल हार्बरच्या स्मारकाला दिला. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या स्मारकालाही दिला. तो राजकारणाला धरून केलेला हिशेब असेलही, पण त्यातून बोलणं पुढे सरकलं.

आशियातून आलेला प्रश्न जास्त बोचरा होता. कोरियात, चीनमध्ये, सिंगापुरात लोकांनी विचारलं की तुमच्यावर बाँब पडला म्हणून आमची सुटका झाली, त्याचं काय? हिरोशिमा हे लष्करी शहर होतं, तिथल्या उजीना बंदरातून सैन्य बाहेर जायचं. आणि बाँबखाली मेलेल्यांत हजारो कोरियन होते, वसाहतीतून मजुरीला आणलेले किंवा पोटासाठी आलेले. त्यांचं स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते शांती उद्यानाच्या हद्दीबाहेर. आत यायला १९९९ उजाडलं. वाचून मायदेशी परतलेल्या कोरियनांना जपान सरकारने १९७४ च्या एका आदेशानं सांगितलं की देश सोडला की भत्ता बंद. जपानी सैन्यात जबरदस्तीनं भरती केलेले क्वाक क्वी-हून हे कोरियन हिबाकुशा कोर्टात गेले आणि २००२ मध्ये ओसाकाच्या उच्च न्यायालयात जिंकले. त्यानंतर तो आदेश मागे घेतला गेला.

त्या निकालाचा फायदा झालेल्यांत ब्राझीलमधले जपानीही होते. ताकाशी मोरिता हिरोशिमात लष्करी पोलिसात होते, १९५६ मध्ये ब्राझीलला गेले, साओ पावलोत किराण्याचं दुकान काढलं आणि १९८४ मध्ये तिथल्या हिबाकुशांची संघटना उभी केली. गल्ल्यामागे बसणाऱ्या या म्हाताऱ्याला शाळांतून बोलावणी येऊ लागली. साओ पावलोतल्या एका सरकारी तांत्रिक शाळेला त्यांचं नाव दिलेलं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शंभर वर्षांचे होऊन ते गेले. स्वतः सैनिक असलेल्या माणसानं शांततेबद्दल बोलावं, याबद्दल त्यांना कुणी छेडलं तर ते टाळत नसत. ते आपल्या गणवेशासकट ती गोष्ट सांगत.

मार्च २०२५ अखेर नोंदणीकृत हिबाकुशांची संख्या ९९,१३० होती, पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली. सरासरी वय ८६ च्या वर. जपानच्या काही प्रांतांतल्या त्यांच्या संघटना सदस्य उरले नाहीत म्हणून बंद झाल्या. परदेशात जाऊन बोलायचं म्हणजे विमानाचे बारा-चौदा तास, औषधांची पिशवी आणि बरोबर कुणीतरी तरुण. ‘पीस बोट’ या संस्थेनं २००८ मध्ये शंभरावर हिबाकुशांना एकाच जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणेला नेलं होतं, बंदराबंदरात उतरून ते बोलले. आता तसं जहाज भरणार नाही. नंतरच्या सफरींत तरुण मंडळी त्यांच्याबरोबर उतरू लागली.

*

मग या मुलांना हिबाकुशांकडून नेमकं काय मिळतं? याचं मला सापडलेलं सर्वांत चांगलं उत्तर कुठल्याही परिषदेत नाही. ते हिरोशिमातल्या मोतोमाची हायस्कूलच्या चित्रवर्गात आहे.

१९७४ मध्ये सत्त्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ एक चित्र घेऊन हिरोशिमाच्या एनएचके दूरचित्रवाणी केंद्रात आले. त्या दिवशी एका पुलाजवळ जे पाहिलं ते त्यांनी स्वतः काढलं होतं. केंद्रानं आवाहन केलं आणि वर्षा-दोन वर्षांत दोन हजारांवर चित्रं जमली. कधी ब्रश हाती न धरलेल्यांची, स्केचपेनची, रंगीत पेन्सिलींची, हिशेबाच्या कागदांमागे काढलेली. ती चित्रं पाहवत नाहीत आणि कलेच्या दृष्टीनं बहुतेक ओबडधोबड आहेत. त्यांचं वजन त्यातच आहे.

२००७ पासून मोतोमाची हायस्कूलचे कलाशाखेचे विद्यार्थी, हिरोशिमाच्या शांती स्मारक संग्रहालयाच्या विनंतीवरून, हिबाकुशांनी सांगितलेले प्रसंग तैलरंगात रंगवतात. एक हिबाकुशा, एक विद्यार्थी. काम महिनोन्‌महिने चालतं. पोरं-पोरी आजी-आजोबांना भेटतात, ऐकतात, कच्चं रेखाटन करून दाखवतात, आणि समोरची व्यक्ती म्हणते: असं नव्हतं. आकाश इतकं निळं नव्हतं. ती बाई अशी बसली नव्हती, तिचे हात पुढे होते. मग पुन्हा रेखाटन. हात तसे धरून वर्गमित्राला उभं करायचं, जुनी छायाचित्रं पाहायची, गणवेशाच्या बटणापर्यंत खात्री करायची. पुन्हा भेट, पुन्हा ‘असं नव्हतं’. शेवटी एके दिवशी ती हिबाकुशा व्यक्ती चित्रासमोर गप्प उभी राहते आणि म्हणते, हो. ते चित्र संग्रहालयाकडे जातं आणि ते हिबाकुशा आपली हकीकत सांगताना ते पडद्यावर दाखवतात.

साक्ष देणाऱ्याला ऐकून घेणं, आणि साक्ष देणाऱ्यानं ‘हो’ म्हणेपर्यंत ती साक्ष आपली न समजणं, या दोन गोष्टी मुलं या खोलीत शिकतात. १९४५ च्या त्या दिवसाची आठवण कुणाला देता येत नाही, पण अचूकतेची ही शिस्त देता येते. हिरोशिमा शहराने २०१२ पासून ‘वारसांचं’ प्रशिक्षण सुरू केलं, तेही याच धर्तीवर: एखाद्या हिबाकुशाच्या हाताखाली दीर्घकाळ राहायचं, त्याची हकीकत त्याच्या पसंतीला उतरेल अशी लिहायची, तपासून घ्यायची आणि मगच लोकांसमोर उभं राहायचं. काही वारस इंग्रजीतही सांगतात. उलट दिशेचीही वाहतूक आहे. केइको ओगुरा या आठव्या वर्षी हिरोशिमात होत्या. त्यांनी १९८४ मध्ये दुभाष्यांचा गट उभारला आणि चाळीस वर्षं परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत सांगत आल्या. मे २०२३ मध्ये जी-७ च्या नेत्यांना त्या भेटल्या तेव्हा छत्र धरणारे आणि छत्राखालचे सगळे एकाच खोलीत होते.

*

जी-७ च्या त्या शिखर परिषदेला आपले पंतप्रधानही पाहुणे म्हणून गेले होते. २० मे २०२३ ला मोतोयासु नदीच्या काठी, शांती उद्यानाला लागून, महात्मा गांधींच्या अर्धपुतळ्याचं अनावरण झालं. तो पुतळा घडवला राम सुतारांनी, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या. हिरोशिमात त्याआधी गेलेले भारतीय पंतप्रधान नेहरू, १९५७ मध्ये. बिकिनीच्या चाचणीनंतर महिन्याभराने, २ एप्रिल १९५४ ला, जागतिक चाचणीबंदीची मागणी लोकसभेत करणारेही तेच. हे दोन प्रसंग आणि मधलं १९९८ शेजारी ठेवून पाहिले तर आपली जागा कुठे आहे ते कळतं. २०१६ मध्ये बंदीकराराच्या वाटाघाटी सुरू कराव्यात या ठरावावर भारत तटस्थ राहिला. जपान विरोधात गेला. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेच्या अंदाजानुसार २०२५ च्या आरंभी भारताकडे १८० आणि पाकिस्तानकडे १७० अण्वस्त्रं होती.

महाराष्ट्राचा या कथेशी असलेला धागा मात्र पुतळ्याहून जुना आहे. निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, त्यांच्या सहवासात राहिले. ‘फुजी गुरुजी’ हे नाव त्यांना तिथलं. तिथल्या आश्रमाच्या सर्वधर्मप्रार्थनेत ‘नम्यो हो रेंगे क्यो’ आजही म्हटलं जातं ते त्यांच्यामुळे. हिरोशिमानंतर त्यांनी शांतिस्तूप बांधायला घेतले, आणि त्यांच्या निप्पोन्झान म्योहोजी पंथाचे भिक्षू हातडफ वाजवत जगभरच्या अण्वस्त्रविरोधी पदयात्रांत चालू लागले. १९८२ च्या उन्हाळ्यात संयुक्त राष्ट्रांचं निःशस्त्रीकरणावरचं खास अधिवेशन होतं. हे भिक्षू अमेरिका पायी ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचले, १२ जूनला सेंट्रल पार्कमध्ये सुमारे दहा लाख माणसं जमली, आणि त्याच महिन्यात नागासाकीचे सेन्जी यामागुची यांनी महासभेत स्वतःच्या भाजलेल्या चेहऱ्याचं छायाचित्र दोन्ही हातांनी उंचावून धरलं. वर्ध्यातून आणि वरळीतल्या बुद्धमंदिरातून ऐकू येणारा डफ तोच. आनंद पटवर्धनांनी ‘जंग और अमन’ मध्ये पोखरणपासून हिरोशिमापर्यंतचा प्रवास पडद्यावर आणला. सेन्सॉरने अडवलेला तो माहितीपट २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने एकही काटछाट न होता सुटला. नौदलप्रमुखपदावरून निवृत्त होऊन अलिबागला राहिलेले अॅडमिरल रामदास मरेपर्यंत भारत-पाक अण्वस्त्रांविरुद्ध बोलत राहिले. गणवेश घातलेल्या माणसानं असं बोलावं का, हा प्रश्न त्यांनाही विचारला गेला.

आपल्या शाळेत उद्या नागासाकीची एखादी मुलगी आली, तर तिला पहिला प्रश्न काय येईल याची मला कल्पना आहे. शेजारी दोन अण्वस्त्रधारी देश आहेत, तुमच्या देशाला तर अमेरिकेचं छत्र आहे, मग आम्हाला कसला उपदेश? प्रश्न न्याय्य आहे. तिच्याकडे याचं सोपं उत्तर नसेल, पण प्रश्नानं ती गडबडणार नाही. कारण हाच प्रश्न ती स्वतःच्या सरकारला विचारत मोठी झाली आहे.

*

११ ऑक्टोबर २०२४ ला हिरोशिमाच्या महापालिकेत हिदानक्योचे एक सहअध्यक्ष तोशियुकी मिमाकी पडद्याकडे डोळे लावून बसले होते. शेजारी गणवेशातले शांतिदूत. नोबेलची घोषणा झाली आणि या ब्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांनी खरं आहे का ते पाहायला स्वतःच्या गालाला चिमटा घेतला. मग रडत रडत ते गाझातल्या मुलांबद्दल बोलले. ऐंशी वर्षांपूर्वी आपण तसेच होतो, म्हणाले. इस्रायलच्या राजदूतांना ही तुलना रुचली नाही.

१० डिसेंबरला ओस्लोत भाषण केलं तेरुमी तानाका यांनी, वय ९२. नागासाकीत ते तेरा वर्षांचे होते, घर केंद्रापासून ३.२ किलोमीटरवर, नात्यातली पाच माणसं गेली. भाषणात एका जागी त्यांनी कागद सोडला आणि तेच वाक्य पुन्हा उच्चारलं: जपान सरकारने मेलेल्यांसाठी भरपाई दिलेली नाही. जगभरच्या कॅमेऱ्यांसमोर, नोबेलच्या मंचावरून, स्वतःच्या सरकारचा हिशेब मांडायची ही हिंमत मला त्या दिवशीच्या सगळ्या टाळ्यांपेक्षा मोलाची वाटली. दहा वर्षांनी प्रत्यक्ष पाहिलेले जेमतेम मूठभर उरतील, पुढच्या पिढीनं हे काम आपल्या रीतीनं वाढवावं, असंही ते म्हणाले. शांतिदूत मुलं त्या शहरात आली होती.

परत आल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये, हिदानक्योच्या प्रतिनिधींनी तेव्हाचे पंतप्रधान इशिबा यांची भेट घेतली. त्यांची एक मागणी होती: मार्चमध्ये न्यूयॉर्कला होणाऱ्या बंदीकराराच्या बैठकीला निरीक्षक तरी पाठवा. फेब्रुवारीत सरकारने नाही म्हणून सांगितलं.

बैठक ३ मार्चला सुरू झाली. हिदानक्योच्या वतीने जिरो हामासुमी बोलले. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा ते आईच्या पोटात होते. कामावर गेलेले वडील परतले नाहीत. हिबाकुशांच्या यादीतली सर्वांत तरुण माणसं ती हीच, पोटात असलेली. आणि त्यांनाही त्या दिवसातलं काहीच आठवत नाही. जे सांगतात ते आईकडून, थोरल्या भावंडांकडून विचारून घेतलेलं, मोतोमाचीच्या चित्रवर्गातल्या मुलांसारखंच. सभागृहात कराराचे सदस्य देश होते, निरीक्षक देश होते, मागच्या रांगांत निरनिराळ्या देशांचे तरुण होते. जपान सरकारचं कुणी नव्हतं. भारताचंही नव्हतं.